हान्स मोलिश

हान्स मोलिश (६ डिसेंबर, १८५६ – ८ डिसेंबर, १९३७) हे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. एक वनस्पती रासायनिक द्रव्यांद्वारे दुसरीवर करीत असलेल्या परिणामाला त्यांनी 'ॲलेलोपॅथी' हे नाव दिले.

== जीवन ==

मोलिश यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील ब्रनो येथे झाला. हे शहर आता चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे वडील बागायतदार होते. व्हिएन्ना विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर त्यांनी ग्रात्स, प्राग आणि १९०९ पासून व्हिएन्ना येथे अध्यापन केले. १९२२ ते १९२५ या काळात ते जपानमधील सेंदाई येथे प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर १९२८-२९ मध्ये त्यांनी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत काही महिने काम केले व भारतातील अनुभवांवर जर्मन भाषेत पुस्तक लिहिले.

== संशोधन ==

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव 'मोलिश परीक्षे'मुळे परिचित आहे. १८८६ मध्ये सुचवलेल्या या परीक्षेत द्रावणात आल्फा-नॅप्थॉल मिसळून तळाशी संहत सल्फ्युरिक आम्ल सोडतात. कर्बोदके असल्यास दोन थरांच्या सीमेवर जांभळे वलय दिसते.

== ॲलेलोपॅथी ==

आक्रोडाच्या झाडाजवळ इतर पिके नीट वाढत नाहीत, हे प्राचीन रोमन लेखकांनीही नोंदवले होते. मात्र अशा घटनांना एकत्र बांधणारी संज्ञा नव्हती. मोलिश यांनी बंद काचपात्रात पिकलेल्या सफरचंदांजवळ रोपे ठेवून पाहिली. रोपांची उंची खुंटली, खोडे जाड झाली व काही वनस्पतींची पाने गळाली. याचे कारण फळांतून बाहेर पडणारा इथिलीन वायू होता. हे प्रयोग त्यांनी १९३७ मधील पुस्तकात मांडले. 'परस्परांचे' आणि 'भोगणे' या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून त्यांनी संज्ञा घडवली. तिच्यात अपायकारक व उपकारक, असे दोन्ही परिणाम त्यांना अभिप्रेत होते.

त्याच वर्षी, ८१ वा वाढदिवस झाल्यावर दोन दिवसांनी, व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. त्यामुळे या संज्ञेचा पुढील प्रसार त्यांना पाहता आला नाही. इथिलीन आज प्रामुख्याने वनस्पती-संप्रेरक म्हणून अभ्यासले जाते, तर ॲलेलोपॅथी ही संज्ञा अनेकदा केवळ अपायकारक परिणामांसाठी वापरली जाते. भारतात गाजर गवताचा शेजारच्या पिकांवर होणारा परिणाम याच संज्ञेखाली अभ्यासला जातो.