इब्न बतूता मालदीव बेटांवर

मुलांनो, थोर प्रवासी इब्न बतूता यांचा जन्म १३०४ साली मोरोक्कोतील तंजा शहरात झाला. एकविसाव्या वर्षी ते हजसाठी एकटेच निघाले. पुढे दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने त्यांना काझी नेमले व नंतर चीनकडे दूत म्हणून पाठवले. वाटेत त्यांनी आपल्या खानदेशातील नंदुरबार पाहिले. कालिकतजवळ वादळात जहाज फुटले. सोबती व नजराणे बुडाले. ते किनाऱ्यावर होते म्हणून वाचले. पण रिकाम्या हातांनी सुलतानाकडे कसे जावे? १३४३ साली ते शिडाच्या जहाजाने मालदीवला पोहोचले. ही बेटे पोवळ्यांची असून कड्यासारखी गोल वसली आहेत. तेथील लोक काथ्याने फळ्या शिवून जहाजे बांधत. तेथेही ते काझी झाले. वजिराशी बिनसताच त्यांनी बेटे सोडली. १३५५ साली त्यांनी प्रवासवर्णन लिहवून घेतले. नकाशात नंदुरबार आणि मालदीव शोधा बरे!