आगरकरांची आठवण

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली. चुकलेमाकले पोटात घालावे. मागच्या निवडणुकीत पापड लाटता लाटता आपल्या दोघी भगिनींत अबोला धरला गेला, तेव्हा मला गोपाळ गणेश आगरकर आठवले.

ते १८५६ साली कऱ्हाडजवळ टेंभूस गरीब घरात जन्मले. एम. ए. होऊनही मोठ्या पगाराचा मोह सोडून टिळकांच्या जोडीने त्यांनी शाळेचे काम पत्करले. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे ते संपादक झाले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

पुढे समाजसुधारणेवरून मते फाटली. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, पण लेखणी सोडली नाही. १८८८ साली ‘सुधारक’ काढला. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. घरी मात्र यशोदाबाईंच्या देवधर्माला त्यांनी आडकाठी केली नाही. १८९५ साली ते गेले, तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

मागाहून हळहळण्यापेक्षा जिवंतपणीच एकमेकींचे ऐकून घ्यावे. मत खुशाल बोलावे, पण पोळपाट वेगळे करू नयेत. त्या दोघींनी उद्या यावे, पीठ भिजवून ठेवते.