कॅमेरा घेऊन मुलांच्या मागे गेलेला मास्तर : लुईस हाइन



हजेरी घेताना एखाद्या मुलाच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहायला आपल्याला किती वेळ लागतो? एक सेकंदसुद्धा नाही. पुढचं नाव घेतो, हजेरी संपते, पाठ सुरू होतो. तो मुलगा त्या वेळी कुठे असेल, हा विचार दरवेळी मनात येतोच असं नाही. मीही अनेक वर्षं असंच करत आलो. सहावीतला एक मुलगा दर सोमवारी नसायचा आणि मी इमानेइतबारे गैरहजेरी मांडायचो. एकदा सुट्टी टाकून बाजाराच्या दिवशी भाजी आणायला गेलो, तर हा पठ्ठ्या कोथिंबिरीच्या जुड्या पुढ्यात मांडून बसलेला! मला पाहून त्याने मान खाली घातली. खरं सांगतो, त्या वेळी मान माझी खाली जायला हवी होती.

आज ज्या माणसाची गोष्ट तुम्हाला सांगणार आहे, त्याने बरोबर याच्या उलट केलं. वर्गात नसलेली मुलं कुठे आहेत ते बघायला तो शाळा सोडून रस्त्यावर उतरला. या मास्तराचं नाव लुईस हाइन. नाव ऐकलं नसेल, पण त्याचे फोटो तुम्ही नक्की पाहिलेले असतील. कापड गिरणीत चात्यांच्या लांबच लांब रांगेशेजारी एकटी उभी असलेली चिमुरडी मुलगी आठवते? तो फोटो हाइनचा.

घरची परिस्थिती आणि पहिली नोकरी

हाइनचा जन्म 26 सप्टेंबर 1874 रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ऑशकॉश गावी झाला. 1892 मध्ये वडील अपघातात गेले. लुईसचं शालेय शिक्षण नुकतंच आटोपलं होतं आणि घराचा भार त्याच्यावर आला. तो फर्निचरच्या कारखान्यात लागला. रोज तेरा तास, आठवड्याचे सहा दिवस काम आणि आठवड्याची मजुरी फक्त 4 डॉलर. पुढे त्याने कामगारांचे आणि कामगार मुलांचे फोटो काढले, ते असे आतून आलेले होते. भोंगा वाजल्यावर पाय कसे ओढत न्यावे लागतात, हे त्याने स्वतः भोगलं होतं.

मिळेल ती कामं करत तो शिकत राहिला. गावातल्या अध्यापक विद्यालयातले प्राध्यापक फ्रँक मॅनी यांनी त्याच्यातला शिक्षक ओळखला. त्यांच्या प्रोत्साहनाने तो शिकागो विद्यापीठात शिकायला गेला. 1901 मध्ये मॅनी न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलचे प्रमुख झाले आणि त्यांनी हाइनला तिथे बोलावून घेतलं. निसर्ग अभ्यास आणि भूगोल हे त्याचे विषय. म्हणजे बघा, मुलांना निरीक्षण करायला शिकवणं हेच त्याचं रोजचं काम होतं.

मास्तरांच्या हातात कॅमेरा

शाळेच्या कामात कॅमेऱ्याचा उपयोग करावा, असं मॅनींच्या मनात आलं आणि 1903 च्या सुमारास त्यांनी ती जबाबदारी हाइनवर टाकली. तोवर हाइनने कॅमेरा हातात धरलेला नव्हता. तो करत करत शिकला आणि शिकता शिकता मुलांनाही शिकवू लागला. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी पॉल स्ट्रँड हा मुलगा पुढे जगप्रसिद्ध छायाचित्रकार झाला.

1904 मध्ये हाइन एलिस आयलंडवर फोटो काढायला जाऊ लागला. न्यूयॉर्कच्या बंदरातलं हे बेट म्हणजे युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांचा पहिला थांबा. रोज हजारो माणसं बोचकी, ट्रंका, कडेवर पोरं घेऊन उतरत. त्या काळी शहरात या परक्या लोकांविषयी नाराजी होती. आपल्या विद्यार्थ्यांनी या माणसांकडे आदराने बघावं, हा हाइनचा हेतू होता.

आता त्या वेळचा कॅमेरा कसा होता ते समजून घ्या, म्हणजे या कामातली मेहनत कळेल. लाकडी पेटीसारखा जड कॅमेरा, तीन पायांची घोडी, 5 बाय 7 इंचांच्या काचा आणि उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड. गर्दीत घोडी उभी करायची, नजर जुळवायची, एका काचेवर एकच फोटो घ्यायचा. पुडीचा भडका उडाला की धूर पसरे आणि लोक दचकत. पुन्हा फोटो काढायचा तर सगळी तयारी नव्याने. भाषा तर कुणाचीच कुणाला येत नव्हती. खाणाखुणांनी, हसून, थोडं थांबून तो माणसांची परवानगी घ्यायचा. फोटोतली माणसं म्हणूनच आपल्याकडे सरळ बघतात. दमलेली आहेत, पण लाचार दिसत नाहीत.

नोकरी सोडली, शिक्षकपण सोडलं नाही

1900 च्या अमेरिकन जनगणनेत 10 ते 15 वयाची सतरा लाखांहून अधिक मुलं कामावर असल्याची नोंद झाली होती. म्हणजे त्या वयाच्या साधारण दर सहा मुलांमागे एक. आकडा छापून आला, पण आकडा वाचून कोणाची झोप उडत नाही. 1904 मध्ये स्थापन झालेली नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या प्रश्नावर काम करत होती. 1908 मध्ये हाइनने शाळेची नोकरी सोडली आणि या समितीचा पूर्णवेळ छायाचित्रकार झाला. आता त्याचा वर्ग म्हणजे गिरण्या, खाणी, मासळीचे कारखाने आणि शहरांतले रस्ते.

कारखान्याचे मालक त्याला आत घेणार थोडेच! मग तो कधी बायबल विकणारा झाला, कधी पोस्टकार्ड विकणारा, तर कधी आगीची पाहणी करणारा निरीक्षक. आपल्या अंगातल्या बंडीची कितवी गुंडी जमिनीपासून किती उंचीवर येते, हे त्याने आधीच मोजून ठेवलं होतं. मुलाशेजारी उभं राहिलं की त्याची उंची कळायची. हात खिशात घालून, न बघता, तो कागदावर टिपण करायचा. दक्षिण कॅरोलायनातल्या लँकास्टरच्या गिरणीत 1908 मध्ये काढलेल्या एका मुलीच्या फोटोखाली तिची उंची नोंदवलेली आहे : 48 इंच. म्हणजे फक्त चार फूट.

ही बारीक नोंद कशासाठी? फोटो बनावट आहे, मूल दिसतं त्यापेक्षा मोठं आहे, असं म्हणायला मालक टपलेले होते. म्हणून हाइन तारीख, ठिकाण, वय, काम, किती दिवसांपासून, सगळं लिहून ठेवी. शक्य असेल तिथे घरच्या बायबलमध्ये लिहिलेली जन्मतारीख पडताळून बघे. आपल्या कामात एकही खोट निघाली तर सगळी मुलं हरतील, याची त्याला जाणीव होती.

सगळ्यांना दिसणारी, कुणी न बघितलेली

गिरणीतली मुलं भिंतीआड होती. रस्त्यावरची मुलं तर दिवसाढवळ्या समोर होती! पेपर विकणारी, बूटपॉलिश करणारी, रात्री निरोप पोचवणारी, फुलं विकणारी. येणारे-जाणारे त्यांच्याकडून पेपर घेत आणि पुढे जात. या चुणचुणीत पोरांचं लोकांना कौतुकही वाटे. लहानपणापासून कष्ट केले की मूल शहाणं होतं, असं म्हटलं जाई. शिवाय पेपर विकणारा मुलगा कुणाचा नोकर मानलाच जात नव्हता. तो पेपर विकत घेऊन विकतो, म्हणजे तो छोटा व्यापारी, असा हिशोब! त्यामुळे कामगारांसाठीचे नियम त्याला लागू करणं अवघड जाई.

हाइन त्याच रस्त्यावर उभा राहिला, पण वेगळ्या वेळी. पहाटे, भर शाळेच्या वेळी आणि मध्यरात्रीनंतर. 17 एप्रिल 1912, वॉशिंग्टन. टायटॅनिक बुडून दोन दिवस झालेले. मध्यरात्र उलटून गेली आहे आणि पोरांचा एक घोळका अजून जादा अंक विकतो आहे. त्यात सगळ्यात धाकटा नऊ वर्षांचा. सेंट लुईसमधला 9 मे 1910 चा फोटो तर शिक्षकाने विसरू नये असा आहे. तीन छोटे पेपरवाले, डोक्यावर टोप्या, ऐटीत सिगारेट ओढताहेत. पटकन हसू येतं. मग हाइनची नोंद वाचली की हसू थांबतं, कारण वार सोमवार आहे आणि वेळ सकाळचे अकरा. त्या वेळी शाळेत कुठला तरी तास चालू असणार.

फोटो तोच, पण वेळ कळली आणि अर्थ बदलला. निरीक्षण म्हणतात ते हेच. नुसतं दिसणं वेगळं, आणि किती वाजलेत, हे मूल आत्ता कुठे असायला हवं होतं, असं विचारत बघणं वेगळं.

न्यूयॉर्कच्या चाळवजा घरांतही तो गेला. तिथे आई आणि मुलं एकाच टेबलाभोवती बसून कागदी फुलं बनवत, अक्रोडासारखी फळं सोलत. कारखाना घरातच आलेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, मुलं आईला मदत करताहेत. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. मुलांचे फोटो काढताना तो कॅमेरा पुष्कळदा त्यांच्या नजरेच्या उंचीवर आणत असे. आपण वरून खाली बघत नाही. मूल आपल्याकडे बरोबरीने बघतं.

फळ मिळालं का?

या समितीसाठी त्याने काढलेले पाच हजारांहून अधिक फोटो आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. ते पत्रकांत छापले गेले, प्रदर्शनांत लागले, व्याख्यानांत पडद्यावर दाखवले गेले. 1912 मध्ये अमेरिकन सरकारने मुलांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. 1916 मध्ये बालमजुरीविरुद्ध देशव्यापी कायदा झाला, पण दोनच वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. टिकणारा राष्ट्रीय कायदा यायला 1938 साल उजाडलं. अर्थात हे एकट्या हाइनचं यश नाही. अनेक कार्यकर्ते, शिक्षक, कामगार संघटना यामागे होत्या. पण लोकांच्या डोळ्यांसमोर मुलांचे चेहरे आणले ते मुख्यतः त्याने.

सुधारायला हवं ते दाखवायचं आणि कौतुक करायला हवं तेही दाखवायचं, असं त्याने ठरवलं होतं. म्हणून पुढे त्याने कामगारांच्या कौशल्याचे फोटो काढले. 1930-31 मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहत असताना हा छप्पन्न वर्षांचा गृहस्थ कामगारांबरोबर तुळयांवर चढला. रस्त्यापासून हजार फूट वर, क्रेनला लटकवलेल्या पाळण्यात बसून त्याने फोटो घेतले. (तुळईवर ओळीने बसून जेवणाऱ्या कामगारांचा प्रसिद्ध फोटो बरेच जण हाइनच्या नावावर सांगतात. तो त्याचा नाही. तो 1932 चा, दुसऱ्या इमारतीचा आहे. मुलांना सांगताना ही चूक टाळा.) या कामगारांवरचं त्याचं पुस्तक 1932 मध्ये निघालं, तेही मुलांना वाचता यावं असं.

शेवट मात्र फार वाईट झाला. काम मिळेना. सरकारी छायाचित्रण प्रकल्पात घ्यावं म्हणून त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, नकार आला. कर्जाचे हप्ते थकून घर हातचं गेलं. 1939 मध्ये त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, पण त्याच वर्षी नाताळच्या दिवशी पत्नी सारा गेली. 3 नोव्हेंबर 1940 रोजी हाइनने जगाचा निरोप घेतला. लाखो मुलांची दखल घेणाऱ्या माणसाची दखल घ्यायला त्याच्या देशाला उशीर झाला.

आपल्या वर्गासाठी

आपल्याकडे 1986 चा बालकामगार कायदा आहे, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे. तरी ऊसतोडीच्या हंगामात वर्गातले बाक रिकामे पडतात, सिग्नलवर गजरे विकणारी पोरं गाडीच्या काचेवर टकटक करतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मुलांसोबत एक छोटा उपक्रम करून बघा. शाळेजवळच्या चौकात किंवा बाजारात मोठ्यांच्या सोबतीने दहा मिनिटं उभं राहायचं. मोबाइल खिशातच ठेवायचा. अनोळखी माणसाचा, विशेषतः कुठल्याही मुलाचा, फोटो न विचारता काढायचा नाही. फक्त वही-पेन घ्यायचं आणि पाच गोष्टी लिहायच्या : वेळ, जागा, कोण आहे, काय करतंय, आणि मला आजवर हे का दिसलं नव्हतं. पाचव्या प्रश्नाची उत्तरं वाचताना तुम्ही थक्क व्हाल.

आणि पालकहो, बाजारात तुमच्या मुलाच्या वयाचं मूल काही विकताना दिसलं, तर आधी घड्याळाकडे बघा. शाळेची वेळ असेल तर जवळच्या शाळेत येऊन आम्हाला एवढंच सांगा, की आज अमुक ठिकाणी एक मूल दिसलं.

त्या कोथिंबिरीवाल्या मुलाचं पुढे काय झालं? मी त्याच्या घरी गेलो. आई आजारी होती, बाजार त्याच्यावर आला होता. गल्लीतल्या एका मावशींनी सोमवारचं दुकान सांभाळायचं कबूल केलं. आता तो बहुतेक सोमवारी येतो. ज्या सोमवारी येत नाही, त्या दिवशीही मी हजेरीपटावर गैरहजरच लिहितो. पण शाळा सुटली की बाजारातून घरी जातो.