भारताचे पहिले कसोटी कर्णधार : सी. के. नायडू



मधल्या सुट्टीत मुलांचा एक ठरलेला नियम असतो : ज्याची बॅट, तो कॅप्टन. मग खेळ येवो की न येवो! हा नियम आपल्या देशाच्या क्रिकेटमध्येही होता. तो मोडला नागपुरात जन्मलेल्या एका खेळाडूमुळे.

बालपण
कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. मूळचं तेलुगू भाषिक कुटुंब, पण नागपुरात स्थायिक झालेलं. इथल्याच शाळांमध्ये आणि मैदानांवर ते घडले. १९१६ मध्ये ते मुंबईत हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध पहिला मोठा सामना खेळले. त्यांनी धावांचं खातं उघडलं तेच षटकाराने!

नाव गाजलं
१९२३ मध्ये होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात कॅप्टन केलं. १९२६ मध्ये इंग्लंडचा एम.सी.सी. संघ भारतात आला. मुंबईच्या जिमखाना मैदानावर नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा ठोकल्या. त्यात ११ षटकार होते. भारतीय खेळाडू इंग्रजांच्या तोडीस तोड आहेत, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

कर्णधारपद
१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार होते पोरबंदरचे महाराज, तर उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. राजघराण्याचा मान! पण महाराजांनी आपल्या खेळाची मर्यादा ओळखून माघार घेतली, राजपुत्रांना दुखापत झाली. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व नायडूंकडे आलं. हाताला दुखापत झालेली असतानाही पहिल्या डावात त्यांनी ४० धावा केल्या. संघात त्याच सर्वाधिक होत्या. सामना हरलो, पण ‘विस्डेन’ने १९३३ मध्ये त्यांना वर्षातील पाच सर्वोत्तम खेळाडूंत निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय कसोटीपटू.

१९३६ च्या दौऱ्यात मात्र जुना नियम परत आला. कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांना मिळालं. नायडू साधे खेळाडू म्हणून खेळले. ओव्हलवरच्या शेवटच्या कसोटीत चेंडू अंगावर जोरात लागला, तरी त्यांनी ८१ धावा काढल्या.

पुढे
त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. साठी ओलांडल्यावरही ते रणजी सामने खेळले. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचं निधन झालं.

वर्गात विचारा
१. कॅप्टन कसा निवडावा : बॅट बघून की खेळ बघून?
२. पद काढून घेतल्यावर आपण मन लावून खेळू का?

आपल्या वर्गातही घरी तेलुगू, हिंदी, गोंडी बोलणारी लेकरं असतात. पुढच्या वेळी वर्गाचा संघ निवडताना आधी त्यांचाही खेळ बघा, मग कॅप्टन ठरवा.