कानो नात्सुओ
परेडच्या आदल्या रात्री पितळी बक्कल घासताना मला कानो नात्सुओ आठवतात. जन्म १८२८, क्योटो. लहानपणीच एका तलवार-व्यापाऱ्याने त्यांना दत्तक घेतले. पुढे ते एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेले.

जपानी खंजिराला तांतो म्हणतात. पाते साधारण ३० सेंटिमीटरहून कमी. नात्सुओ पाती घडवत नसत, त्यांचा साज घडवत: मुठीपुढची त्सुबा, म्हणजे हात वाचवणारी चकती, आणि मुठीवरची इवलीशी मेनुकी. छिन्नी तिरकी धरून ते लोखंडावर कुंचल्यासारखी रेघ उमटवत. (मी वर्कशॉपमध्ये करून पाहिले. पत्राच वाकला.)

मेइजी सरकारने नव्या नाण्यांची नक्षी त्यांच्याकडे दिली. साचे इंग्लंडमध्ये कोरून घ्यायचा विचार होता, पण त्यांचे काम पाहून ते जपानमध्येच झाले.

मग १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली. कित्येक कारागिरांचा धंदाच बसला. नात्सुओ तेव्हा ४८ वर्षांचे होते. माझे बाबा यंदा फौजेतून निवृत्त होत आहेत, म्हणून हे वय मी मुद्दाम मोजले. नात्सुओंनी तीच छिन्नी फुलदाण्यांवर आणि तंबाखूच्या बटव्यांच्या कड्यांवर चालवली. १८९० मध्ये ते टोकियोच्या कलाशाळेत प्राध्यापक झाले आणि १८९८ मध्ये वारले.