शिरोडकरांचा टाका

मूल नाही म्हटले की आजही, भिवंडीत असो की सिंधुदुर्गात, आधी सुनेलाच दवाखान्यात आणले जाते. नवऱ्याच्या वीर्याची साधी, स्वस्त तपासणी बहुतेकदा शेवटी होते, खरे तर ती पहिल्याच भेटीत व्हायला हवी. शंभर वर्षांपूर्वी तर कारण शोधण्याची पद्धतच फारशी नव्हती. नवस, उपास आणि अखेर सवत, एवढेच उपाय होते. त्या काळात विठ्ठल नागेश शिरोडकर स्त्रीरोगशास्त्र शिकत होते.

शिरोडकरांचा जन्म १८९९ चा, गोव्यातील शिरोड्याचा. शाळा हुबळीला झाली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ मध्ये एम.बी.बी.एस. आणि १९२७ मध्ये एम.डी. झाले. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये एफ.आर.सी.एस. मिळवली. परत आल्यावर त्यांनी जे.जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकलमध्ये रुग्णसेवा व अध्यापन केले.

त्यांच्याकडे काही बायका अशा येत की त्यांना दिवस राहत, पहिले तीन महिने नीट जात आणि चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येता, गर्भ पडून जाई. असे एकदा नव्हे, दर खेपेला. घरचे तिला वांझ म्हणत किंवा बाहेरची बाधा समजत. डॉक्टर अंथरुणावर पडून राहायला सांगत, हार्मोनची इंजेक्शने देत. उपयोग होत नसे. शिरोडकरांनी या बायका पुन्हा पुन्हा तपासल्या. गर्भात दोष नव्हता, दोष गर्भाशयाच्या तोंडाशी होता. एरवी नऊ महिने घट्ट मिटून राहणारे हे मुख वाढत्या गर्भाचा भार सोसू न शकल्याने अकाली उघडत होते. पिशवीचे तोंड सैल असेल तर ते बांधायला हवे, इतका सरळ हा विचार होता.

सुरुवातीला त्यांनी रुग्णेच्याच मांडीतील चिवट आवरणाची पट्टी काढून ती मुखाच्या आतल्या कडेभोवती फिरवून बांधली. पुढे त्या जागी कृत्रिम धाग्याची फीत आली. ही पद्धत त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी अधिक सोपा टाका सुचवला. आज दोन्ही वापरात आहेत. साधारण बारा ते चौदा आठवड्यांना टाका घालतात आणि सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास काढतात. मात्र पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपात बहुधा गुणसूत्रांच्या दोषाने होतात, तिथे हा टाका निरुपयोगी आहे. सरसकट प्रत्येकीला तो घालणे म्हणजे शिरोडकरांचा विचारच विसरणे.

गर्भाशय वाचवण्याचा हाच ध्यास त्यांच्या इतर शस्त्रक्रियांतही दिसतो. तरुण बाईचे अंग बाहेर येत असेल तर प्रचलित शस्त्रक्रियेत गर्भाशयाचे मुख कापले जाई. त्यानंतर मूल होणे किंवा टिकणे कठीण होई. शिरोडकरांनी मुख न कापण्याची पद्धत बसवली. बंद बीजनलिका खुल्या करण्याच्या शस्त्रक्रियाही ते करत. आपल्याकडे या नलिका बंद पडण्यामागे क्षयरोग हे मोठे कारण आहे. पाळी नियमित, तब्येत ठणठणीत आणि नलिका आतून चिकटलेल्या, असे पुष्कळदा आढळते. क्षयाने खराब झालेली नलिका शस्त्रक्रियेने मोकळी केली तरी तिचे काम क्वचितच परत येते.

मूल हवे असणाऱ्यांसाठी झटणारे शिरोडकर कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही होते. त्यांना यात विसंगती वाटली नसावी, मूल केव्हा हवे हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण त्यांना मिळाले. १९७१ च्या मार्चमध्ये ते गेले.

सात वर्षांनी इंग्लंडमध्ये पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्या आईच्या बीजनलिका बंद होत्या. नलिका जोडण्याच्या शस्त्रक्रिया त्यानंतर मागे पडत गेल्या. टाका राहिला. प्रयोगशाळेत तयार होऊन गर्भाशयात सोडलेला गर्भसुद्धा, पाचव्या महिन्यात मुख उघडू लागले, तर याच टाक्याने सांभाळला जातो.