बारा मैल, तेही हातांनी

सर्फिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? सोनेरी केसांचा, गोरा, कॅलिफोर्नियाचा पोरगा ना? माझ्याही यायचा. निक गाबाल्दोनबद्दल वाचलं आणि ते चित्र बदललं.

निकचा जन्म 1927 चा, लॉस एंजेलिसचा. आई कृष्णवर्णीय, वडील मेक्सिकन वंशाचे. वाढला तो सांता मोनिकात. तिथल्या बे स्ट्रीटजवळच्या किनाऱ्याच्या एका तुकड्यावर कृष्णवर्णीय कुटुंबं जमायची, कारण बाकी किनाऱ्यांवर त्यांना धमक्या मिळायच्या, हुसकावलं जायचं. गोऱ्यांनी या जागेला नाव काय दिलं होतं, तर 'इंकवेल', म्हणजे शाईची दौत! टोमणा कळला ना?

याच पाण्यात निक लाटांवर स्वार व्हायला स्वतःच शिकला. हातात बोर्ड कुठला, तर लाइफगार्डकडचा तेरा फुटी रेस्क्यू बोर्ड. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तो नौदलात गेला, परत येऊन सांता मोनिका कॉलेजात शिकू लागला. म्हणजे आपल्यासारखाच, कॉलेज आणि समुद्र यांच्यात अडकलेला.

पण खऱ्या भारी लाटा होत्या मालिबूत. बारा मैल लांब, म्हणजे एकोणीस किलोमीटर. आणि तिथले सर्फर जवळजवळ सगळे गोरे. हा पठ्ठ्या बोर्डावर पालथा पडायचा आणि हातांनी वल्हवत समुद्रातून थेट मालिबू गाठायचा. एवढं करून मग सर्फिंग! आपण जिमला जायचं तर लिफ्ट बंद असल्याचं कारण देतो. मालिबूच्या काही सर्फर्सनी त्याला आपल्यात घेतलं. (तसं बघितलं तर हा खेळ गोऱ्यांनी शोधलाच नव्हता, तो हवाई आणि पॉलिनेशियातल्या लोकांचा.)

निक कविताही लिहायचा. 1951 मध्ये, मृत्यूच्या सहाच दिवस आधी, त्याने 'लॉस्ट लाइव्ह्ज' ही कविता लिहिली. विषय होता माणसं गिळणारा समुद्र. वाचून अंगावर काटा येतो.

5 जूनला मालिबूला मोठ्या लाटा होत्या. एका लाटेवर तो धक्क्याच्या दिशेने गेला आणि खांबावर आदळला. तीन दिवसांनी मृतदेह सापडला. वय 24.

2008 मध्ये बे स्ट्रीटला त्या किनाऱ्याच्या आणि निकच्या आठवणीची पाटी लागली. आता त्याच्या नावाचा दिवस साजरा होतो, आणि त्याच पाण्यात मुलांना फुकट सर्फिंग शिकवलं जातं.